आधी कार्ड बाहेर काढा

कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले असतील, तर हे पुढे वाचत बसू नका. आधी कार्ड बाहेर काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो ‘लॉक’ लिहिलेल्या बाजूला सरकवा. मायक्रो कार्डाला असा खटका नसतो, ते कागदाच्या पुडीत घालून कपाटात ठेवा. पेनड्राइव्ह असेल तर तोही काढून ठेवा. मग सावकाश वाचा. तुमचे फोटो बहुधा अजून कार्डावरच आहेत.

हे मी नुसता धीर देण्यासाठी म्हणत नाही. कार्डावर फाइल कशी नोंदली जाते हे एकदा कळलं, की तुमचं तुम्हालाच पटेल.

३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा ‘फॅट ३२’ या पद्धतीने आखलेली येतात. या पद्धतीत फोल्डर म्हणजे नोंदींची एक यादी असते, आणि प्रत्येक नोंद ३२ बाइटची. पहिल्या ८ बाइटमध्ये फाइलचं नाव, पुढच्या ३ मध्ये तिचा प्रकार. मग तारीख-वेळ, फाइल कार्डावरच्या कोणत्या गटापासून सुरू होते तो क्रमांक, आणि शेवटच्या ४ बाइटमध्ये तिचा आकार. फोटो या नोंदीत नसतोच. तो दूर कुठेतरी, गटागटांत मांडून ठेवलेला असतो. ३२ केबीचा एक गट धरला तर ५ एमबीच्या फोटोला १६० गट लागतात. पहिल्या गटानंतर दुसरा कोणता, दुसऱ्यानंतर तिसरा कोणता, ही साखळी वेगळ्या तक्त्यात असते. त्या तक्त्यालाच ‘फॅट’ म्हणतात.

शेती असलेल्यांना हे चटकन उमगेल. सातबारा म्हणजे जमीन नव्हे. त्यावर नाव असतं, गट नंबर असतो, क्षेत्र असतं. जमीन तिकडे शिवारात. फेरफार झाला की हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडायचा. नाव खोडून काढत नसत, आणि कंस पडला म्हणून बांधावरचं आंब्याचं झाड काही उन्मळून पडत नसे.

कार्डावर फाइल पुसली की असाच कंस पडतो. नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर जातं आणि त्या जागी २२९ हा आकडा येतो. त्याचा अर्थ एवढाच, की ही नोंद आता वापरात नाही. सोबत तक्त्यातली साखळी शून्य केली जाते, म्हणजे ते गट मोकळे म्हणून जाहीर होतात. बाकी नाव, तारीख, आकार तिथेच राहतो आणि फोटो जागचा हलत नाही. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांवर ‘एक्सफॅट’ ही पद्धत असते. तिथे तर नोंदीत ‘वापरात आहे’ असं सांगणारा बिट तेवढा बदलतो. कॅमेऱ्यात नेहमीचं फॉरमॅट केलं तरी बहुतेक वेळा मुख्य यादी आणि तक्ता कोरा होतो. आतल्या फोल्डरची यादी तिच्या स्वतःच्या गटात असते, ती तशीच पडून राहते.

मोकळा जाहीर झालेला गट पुढच्या फोटोला देता येतो. खरा धोका इथे आहे. ओळखीचे लोक माझ्याकडे अशी कार्डं घेऊन येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, पुसल्यानंतर काय काय केलंत? एका ताईंनी सांगितलं, “कार्ड बिघडलं की काय ते बघायला चार-पाच फोटो काढून पाहिले.” त्या चार-पाच फोटोंमुळे साखरपुड्यातले नेमके तितकेच फोटो कायमचे गेले. बाकीचे सगळे मिळाले. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी काळजीपोटीच तसं केलं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, तपासून बघायलासुद्धा त्या कार्डावर काही लिहू नका.

फोटो परत काढायला ‘फोटोरेक’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो संगणकावर घ्या, त्या कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर नाही. आणि सापडलेले फोटो साठवायला संगणकावरच जागा दाखवा; त्याच कार्डावर साठवाल तर एक वाचवताना दुसरा जाईल. हा प्रोग्राम नोंदींकडे बघत नाही. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटनी होते, ती खूण शोधत तो सगळं कार्ड पालथं घालतो. त्यामुळे फोटो मिळतात, पण जुनी नावं मिळत नाहीत. साखळी गेलेली असल्यामुळे एकापुढे एक सलग गटांत असलेले फोटो नीट निघतात, विखुरलेले अर्धवट निघतात. मधले मधले फोटो पुसून जागा करत राहिलं की पुढचे फोटो विखुरतात. त्यापेक्षा सगळे फोटो संगणकावर उतरवावेत, उघडून बघावेत आणि मग कार्ड एकदम रिकामं करावं. मी तरी असंच करतो.

फोनच्या आतल्या साठ्याचं गणित वेगळं आहे. तिथला मजकूर कूटबद्ध असतो, आणि मोकळे झालेले गट फोन स्वतःच साफ करून टाकतो. संगणकातल्या एसएसडीतही अशी सफाई होते. तिथे गेलेलं सहसा परत येत नाही. आधी ट्रॅशचं फोल्डर बघा, आणि महत्त्वाच्या फोटोंची दुसरी प्रत आजच काढा.

नावांविषयी थोडं बोलतो, कारण फाइलला मराठी नाव दिलं तर बिघडेल अशी भीती अजून अनेकांना वाटते. ती भीती सोडा. आठ अक्षरांची जुनी मर्यादा विंडोज ९५ मध्येच सैल झाली. लांब नावासाठी मूळ नोंदीच्या आधी जादा नोंदी जोडल्या जातात आणि प्रत्येकीत १३ अक्षरं मावतात. ‘आजीचा वाढदिवस’ या नावात काना-वेलांटी आणि मधली जागा धरून १३ खुणा होतात. शेवटचा ठिपका आणि जेपीजी मिळून १७. म्हणजे दोन जादा नोंदी आणि एक मूळ, एकूण ९६ बाइट. गंमत अशी की फाइल पुसल्यावर मूळ नोंदीतलं पहिलं अक्षर जातं, पण या जादा नोंदींत ते शाबूत असतं. लिनक्सवर मात्र नावाला २५५ बाइटची सीमा आहे आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, तेव्हा ८५ खुणांच्या आत राहा. एवढ्यात कार्यक्रम, गाव आणि साल आरामात बसतं.

लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे आले म्हणून व्हिडिओवाल्यावर रागावू नका. नोंदीत आकारासाठी ४ बाइटच असल्यामुळे फॅट ३२ वर एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा, म्हणजे ४ जीबीपेक्षा, मोठी होऊच शकत नाही. तेवढी भरली की कॅमेरा नवी फाइल सुरू करतो. फोटोवर १९८० साल दिसलं तर कॅमेऱ्याचं घड्याळ लावा. या नोंदीतली वर्षं १९८० पासूनच मोजतात.

पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करा. कॉपी संपल्यासारखी दिसते तेव्हाही नोंदीतला आकार आणि तक्त्यातली साखळी लिहायची बाकी असू शकते. मध्येच ओढून काढलं तर नाव दिसतं आणि आकार शून्य. कॅमेऱ्याचंही तसंच, रेकॉर्डिंग थांबवल्याशिवाय बॅटरी काढू नका.

आणि जुनं कार्ड, पेनड्राइव्ह कुणाला द्यायचं किंवा विकायचं असेल, तर हीच गोष्ट उलट्या बाजूने लक्षात ठेवा. तुम्ही पुसलेले घरचे फोटो, आधारकार्डाची प्रत, बँकेचे कागद ज्याच्या हाती कार्ड पडेल त्याला मिळू शकतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ समोरची खूण काढून टाका. मग प्रत्येक गटावर शून्यं लिहिली जातात. मोठ्या कार्डाला बराच वेळ लागेल, लागू द्या. फारच खासगी काही असेल तर कार्ड देऊ नका, पकडीने मोडून टाका.