चालकाच्या आसनावरून पंचाच्या खुर्चीत

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या वाचकाला रॅली, म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यांवर घड्याळाशी खेळली जाणारी मोटारशर्यत, वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मात्र मोटारशर्यतींचा निकाल ज्यांच्या हाती असतो त्या अधिकाऱ्यांविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. मुंबईचे नझीर हुसेन हे स्वतः रॅली चालवणारे गृहस्थ. त्यांनी 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू केली, आणि पुढे ते फॉर्म्युला वन मोटारशर्यतींमध्ये ‘स्टुअर्ड’, म्हणजे नियमभंगाची चौकशी करून शिक्षा ठरवणाऱ्या पंचमंडळाचे सदस्य, म्हणून काम करू लागले.

1998 च्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये, सेफ्टी कार, म्हणजे धोक्याच्या वेळी सर्वांचा वेग रोखणारी आणि जिच्यामागे कुणाला ओलांडण्यास मनाई असते ती गाडी, ट्रॅकवर असताना चालक मायकेल शूमाकरने एका गाडीला ओलांडले, तेव्हा हुसेन ज्या मंडळात होते त्याने दहा सेकंदांची शिक्षा दिली खरी. परंतु ती नियमातील 25 मिनिटांच्या मुदतीनंतर कळवली गेली आणि हस्तलिखित चिठ्ठीवरून ती थांबून भोगायची की एकूण वेळेत मिळवायची हेही स्पष्ट होईना. शूमाकरने शेवटच्या फेरीत शिक्षा भोगण्यासाठी पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या थांबवण्याच्या बाजूच्या मार्गिकेत, शिरून तिथेच अंतिम रेषा ओलांडली, शिक्षा रद्द झाली, विजय कायम राहिला, आणि तिन्ही स्टुअर्डांनी आपले परवाने परत केले. चूक उघड होती. पण ती मान्य करून पद सोडणारे पंच कोणत्याही खेळात विरळाच, आणि हुसेन यांच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना हिमालयन रॅलीइतकेच याही घटनेला वजन द्यावे लागते.