शिडं बेटवाल्यांची, तिकीट आपलं: लक्षद्वीपचं पर्यटन नेमकं कुणासाठी?

मोबाईलवर हल्ली एक जाहिरात सारखी दिसते. निळं-हिरवं पाणी, पांढऱ्या शिडाची नौका, डेकवर बसलेलं एक जोडपं, आणि मागं नारळाची झाडं असलेलं एखादं छोटंसं बेट. आज या बेटावर, उद्या त्या बेटावर. खाली पॅकेजचा भाव. आधी हे चित्र मालदीवचं असायचं. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, पाण्यात स्नॉर्केलिंग करतानाचे फोटो आले, त्यावरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाट्टेल ते लिहिलं आणि निलंबित झाले. तेव्हापासून तेच चित्र लक्षद्वीपच्या नावानं फिरतंय. आपल्या वर्धा जिल्ह्यातही, जिथं होडीत बसायचं म्हटलं की बोर धरणाची आठवण येते, तिथं आता सुट्टीच्या गप्पांत लक्षद्वीपचं नाव निघतं.

जायला काहीच हरकत नाही. पण या चित्रात एक गोष्ट दिसत नाही: माणसं. बेट जणू रिकामंच आहे आणि पाहुण्याची वाट बघतंय, असा एकूण थाट. प्रत्यक्षात लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांपैकी दहा बेटांवर वस्ती आहे. सगळी मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती, त्यात 96 टक्क्यांहून अधिक मुसलमान, आणि बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत मोडणारे. म्हणजे देशातला असा एक कोपरा, जिथं मुसलमान आणि आदिवासी हे दोन शब्द एकाच माणसाला लागू होतात. आपल्याकडच्या चर्चेत हे फारसं येत नाही.

आणि शिडाची नौका? ती तर त्यांचीच. इंजिनाची जहाजं नियमित सुरू होण्याआधी लक्षद्वीपचा सगळा संसार ‘ओडम’ नावाच्या शिडाच्या जहाजावर चालायचा. लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. पावसाळा सरला की खोबरं, काथ्या भरून हे ओडम मंगळूर, कोझिकोडकडं निघायचे आणि येताना तांदूळ, कापड, मीठमसाला आणायचे. जहाजाचा वाट दाखवणारा तो ‘माल्मी’. हा शब्द अरबीतल्या ‘मुअल्लिम’वरून आला; कोकणातल्या जुन्या दर्यावर्दींचा ‘मालम’ही तोच. माल्मीकडं ‘रहमानी’ नावाची हस्तलिखित वही असायची, त्यात ताऱ्यांची, वाऱ्यांची, अंतरांची माहिती. ध्रुवताऱ्याची उंची मोजायला लाकडाची चौकोनी फळी आणि गाठी मारलेली दोरी. त्या एवढ्याशा साधनावर ही माणसं भर समुद्रात, पाण्याच्या पातळीपासून जेमतेम काही हात वर असलेलं आपलं बेट शोधून काढत. जरा चुकलं तर पुढं अथांग अरबी समुद्र. हे काही विरंगुळ्याचं नौकानयन नव्हतं.

या इल्माचा जगाला पुरावा मिळाला तो 1980 मध्ये. ब्रिटिश लेखक-प्रवासी टिम सेव्हरिन यांना सिंदबादच्या कहाण्यांमधल्या काळासारखं जहाज बांधून ओमानहून चीनला जायचं होतं. एकही खिळा न वापरता, फक्त काथ्यानं शिवलेलं जहाज. ते शिवणारे हात कुठं सापडणार? लक्षद्वीपमध्ये. मिनिकॉयचे अली मानिकफान कारागिरांना घेऊन ओमानमधल्या सूर या बंदरात गेले आणि ‘सोहार’ नावाचं ते जहाज उभं राहिलं. नोव्हेंबर 1980 मध्ये मस्कतहून निघालेलं सोहार वाटेत लक्षद्वीपच्या चेतलत बेटावर थांबलं आणि जुलै 1981 मध्ये चीनच्या कँटनला पोहोचलं. मानिकफान यांच्याकडं कसली पदवी नाही. समुद्री जीवांवर त्यांनी जे काम केलं, त्यासाठी एका माशाला त्यांचं नाव दिलं गेलं. 2021 मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. सोहार आजही मस्कतमध्ये अल बुस्तानजवळच्या चौकात उभं आहे. तुमचे कुणी नातेवाईक तिकडं नोकरीला असतील तर रोज त्याच्या बाजूनं जात असतील, फक्त ते कुणी शिवलं हे बहुधा ठाऊक नसेल.

आता हा इतिहास आजच्या बातम्यांशेजारी ठेवून पाहा.

2021 साल. नव्या प्रशासकांच्या काळात एकामागून एक मसुदे आले. त्यातला विकास प्राधिकरणाचा मसुदा सगळ्यात गंभीर, कारण कुठलीही जागा ‘नियोजन क्षेत्र’ ठरवून तिथं लोकांच्या जमिनीवर प्रशासनाला मोठे अधिकार देण्याची त्यात तरतूद होती. जोडीला दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीला बंदी, गोमांसबंदी, समाजविघातक कृत्यांच्या नावाखाली अटकेचा कडक कायदा, तोही अशा जागी जिथं गुन्हे नावालाच होतात. बेटं पेटून उठली, घराघरांत उपोषणं झाली, केरळ विधानसभेनं 31 मे 2021 रोजी एकमतानं ठराव केला. मग जानेवारी 2023 मध्ये सुहेली आणि कदमत या दोन बेटांवर ताज समूहाची आलिशान रिसॉर्ट जाहीर झाली; प्रत्येकी 110 खोल्या, त्यातल्या बऱ्याच थेट पाण्यावर उभ्या. 2024 मध्ये ‘पंडारम’ जमिनी परत घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. पंडारम म्हणजे जुन्या राजवटीच्या खजिन्याच्या जमिनी, ज्यांवर पिढ्यानपिढ्या बेटवाल्यांनीच नारळ लावले, जगवले. आणि जुलै 2025 मध्ये बित्रा हे वस्तीचं सगळ्यात छोटं बेट संरक्षणाच्या कामासाठी ताब्यात घेण्याच्या दृष्टीनं सामाजिक परिणामांच्या पाहणीची अधिसूचना निघाली. 2011 ला तिथं 271 माणसं होती. खासदार हमदुल्ला सईद यांनी लगेच विरोध केला.

देशाच्या संरक्षणाला जागा लागते, हे वर्धेकरांना कुणी शिकवायची गरज नाही. पुलगावचा दारूगोळा भांडार आपल्याच जिल्ह्यात आहे. गाव उठणं म्हणजे काय, हेही निम्न वर्धा प्रकल्पात गेलेल्या आर्वी तालुक्यातल्या घरांना विचारावं. पण इथं गाव उठलं तरी शेजारच्या शिवारात, नाहीतर शहरात तरी जागा मिळते. बेट उठलं तर उरतं काय? कब्रस्तान, मशीद, मासेमारीचं पाणी, सगळं एकाच वेळी जातं.

आणखी एक धागा वर्ध्याला लक्षद्वीपशी जोडतो, तो दारूबंदीचा. गांधीजींच्या सेवाग्राममुळं आपल्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. लक्षद्वीपमध्येही 1979 च्या कायद्यानं दारूबंदी आहे. सूट होती ती बंगारम या वस्ती नसलेल्या बेटावर, पर्यटकांसाठी. 2021 नंतर ही सूट वस्तीच्या बेटांवर आणण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि कारण दिलं गेलं पर्यटनाचं. आपल्या जिल्ह्यात बंदीची अंमलबजावणी कशी आहे, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलायला नको. तरीही उद्या कुणी म्हणालं की सेवाग्रामला पाहुणे वाढावेत म्हणून आश्रमाच्या रस्त्यावर बार उघडू द्या, तर हिंदू काय, मुसलमान काय, वर्ध्यातल्या बायका आधी रस्त्यावर येतील. मग कवरत्तीच्या बायका तेच म्हणतात तेव्हा त्यांना ‘विकासविरोधी’ आणि ‘कट्टर’ कशाला म्हणायचं?

मालदीवचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तर ते पूर्ण द्यावं. तिथं 1972 मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढं धोरण ठरलं, एका बेटावर एकच रिसॉर्ट. पैसा आला, पण बराचसा कंपन्यांकडं गेला. वस्तीच्या बेटांवरची माणसं तिथं नोकर म्हणून जात राहिली. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढायला परवानगी मिळाली, तेव्हा कुठं साध्या कुटुंबांच्या घरात पर्यटकाचा पैसा येऊ लागला. या वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही. तरी पाहुणे येतात. म्हणजे दारूशिवाय पर्यटन चालत नाही, हा दावा शेजारच्या देशातच खोटा ठरलेला आहे.

बेटवाल्यांना पर्यटन नको आहे असंही समजू नये. तरुणांना काम हवंय, इलाजासाठी कोची गाठावं लागतं, आणि जहाजाचं तिकीट मिळत नाही ही तिथली जुनी रड आहे. समुद्राखालची इंटरनेट केबल आली, तिचं स्वागतच झालं. मागणी एवढीच की होडी आमची, घर आमचं, पाहुणाही आमचा असू द्या. शिवाय या जमिनीला किती भार झेपतो याला मर्यादा आहे. गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये गरम समुद्रानं पांढरे पडले. परळी नावाचं एक निर्जन बेट तर झिजून पाण्याखालीच गेलं. सुहेलीतल्या पाण्यावरच्या खोल्या कशावर उभ्या राहणार, हे विचारायला सागरशास्त्रज्ञ व्हायची गरज नाही.

ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी थोडं. प्रवेशाचा परवाना लागतो, तो आधी काढा. कोचीहून जहाजाला चौदा ते वीस तास लागतात, विमान अगत्तीला उतरतं. पावसाळ्यात जाऊ नका, ऑक्टोबर ते एप्रिल बरा. एजंटाला दोन गोष्टी विचारा: राहायची जागा कुणाची, आणि होडी चालवणारा कुठला. उत्तर ‘कंपनीचा माणूस’ असं आलं तर दुसरा एजंट बघा. घरगुती निवास काही बेटांवर सुरू झाले आहेत. नमाजेची सोय विचारायची गरजच पडणार नाही, मशिदी पावलोपावली आहेत. जेवणात टूना आणि नारळ असेल, आपल्याकडचं झणझणीत मटण तिथं शोधू नका. आणि मिनिकॉयला गेलात तर एखाद्या म्हाताऱ्या माल्मीच्या घरी रहमानीची वही अजून शिल्लक आहे का, तेवढं विचारून या.