फेटे उतरवा, खानावळीचा हिशेब दाखवा

जानेवारी आला की आमच्या आटपाडी भागातल्या कॉलेजांना परंपरेचा उमाळा येतो. स्नेहसंमेलन, त्याआधी 'डेज'चा आठवडा आणि त्यात एक दिवस पारंपरिक वेशभूषेचा. पोरं भाड्याचे फेटे बांधून येतात, कुणी खांद्यावर घोंगडी टाकतं, ढोल घुमतो, धनगरांची गजी खेळली जाते, प्राचार्य फोटोला उभे राहतात. युवा महोत्सवात गजीला ढाल मिळाली तर चौकात कमानीएवढा फलक लागतो. ज्या पोराचा बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली गेलाय, ज्याच्या घराला पावसाळ्यापर्यंत कुलूप असतं, त्या पोराला राहायला जागा आहे का, रात्री त्याच्या पोटात काय पडतं, हे त्या फलकावर कधीच नसतं. त्याच्या बापाची घोंगडी कॉलेजला चालते, पण त्या पोराला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं की निधी संपतो.

ही परंपरा नव्हे. गरीब घरचं पोर शिकायला परगावी गेलं तर त्यानं राहायचं कुठं, खायचं काय आणि तिथल्या कारभारात त्याचा शब्द किती चालायचा, याची घडी समाजानं बसवलेली असते. विद्यार्थ्यांची परंपरा म्हणतात ती हीच. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ती घडी एकेकाळी बसली होती. ती आपण विस्कटली आणि आता फेटे बांधून मिरवतोय.

जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनाही सुनावलं पाहिजे. वार लावून जेवणं, माधुकरी मागणं, सोमवारी या घरी तर मंगळवारी त्या घरी, हे ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात. ती दारं कुणाला उघडी होती? ब्राह्मणाच्या पोराला. इथंच, आटपाडीच्या महारवाड्यात, 1921 साली शंकरराव खरात जन्मले. घरात तराळकी. गावकीची कामं करायची आणि त्या बदल्यात उंबऱ्याबाहेर उभं राहून मिळेल ती शिळी भाकरी घ्यायची. या घरातल्या हुशार पोराला वार लावून पंगतीला कोण बसवणार होतं? तेच पुढं वकील झाले, 'तराळ अंतराळ' लिहिलं, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज आपण अभिमानानं त्यांना आटपाडीचे म्हणतो. त्यांच्या काळच्या आटपाडीनं त्यांना काय दिलं, हे विचारलं की सगळे गप्प.

ही कोंडी फोडली ती वसतिगृहांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, जागा दिल्या, उत्पन्नं लावून दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. 1924 साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली आणलं आणि एकाच चुलीवर जेवायला घातलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. पोरं स्वतः भाकरी थापत, भांडी घाशीत, साताऱ्यातल्या 'धनिणीच्या बागे'त राबत. पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले, बॅरिस्टर होऊन आले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हे. आपण राबतो, म्हणून हे घर आपलं, असं त्या पोराला वाटायचं. कुणाची मेहेरबानी नव्हती.

आज त्याच नावाची योजना कॉलेजाकॉलेजात आहे. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलं. योजनेतली पोरं कार्यालयातल्या फायली या कपाटातून त्या कपाटात ठेवत होती आणि साहेबांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या नेऊन देत होती. कामाचे पैसे कधी मिळतात विचारलं तर मुलगा खाली बघत म्हणाला, "मिळतील सर." भिंतीवर कर्मवीरांचा फोटो होता, त्याला ताजा हार होता.

परदेशातल्या विद्यापीठांचे झगे आणि टोप्या आपल्याला दिसतात, त्यामागचं घर दिसत नाही. स्वीडनमध्ये उप्सालाला विद्यार्थ्यांची तेरा 'नेशन्स' आहेत. ज्या प्रांतातून आलास त्या प्रांताच्या नावाचं तुझं घर, अशी ही सतराव्या शतकापासूनची रीत. आता कुणीही कुठल्याही नेशनमध्ये जाऊ शकतो. स्वस्त जेवण, खोल्या, वाचनालय, शिष्यवृत्त्या, सगळं तिथं आहे आणि स्वयंपाकघरापासून तिजोरीपर्यंत कारभार पोरांच्या हातात. प्रमुख निवडून येतो, तोही विद्यार्थीच. अमेरिकेत केंटकीतलं बेरिया कॉलेज 1855 सालचं. तिथं शिकवणीची फी घेत नाहीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, तो कुणाचाही असो, आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकवतात म्हणून 1904 साली राज्यानं कायदा करून त्या कॉलेजाची एक पंगत मोडली होती. साताऱ्याच्या बोर्डिंगाला हे कॉलेज सख्ख्या भावासारखं आहे, पण आमच्या एकाही संस्थाचालकाच्या तोंडी मी त्याचं नाव ऐकलेलं नाही.

पोर्तुगालमधल्या कोइम्ब्राचं तर सविस्तरच सांगायला हवं. काळ्या झग्यांचं आणि वसंतात रंगीत फिती जाळण्याच्या उत्सवाचं ते गाव. तिथं 'रिपब्लिका' नावाची घरं आहेत. दहा-पंधरा पोरं एक घर चालवतात, भाडं, किराणा, स्वयंपाक वाटून घेतात, घरातले निर्णय बैठकीत होतात. 17 एप्रिल 1969 रोजी एका इमारतीच्या उद्घाटनाला देशाचे राष्ट्राध्यक्ष आले होते. राजवट हुकूमशाहीची. विद्यार्थी संघाच्या निवडून आलेल्या अध्यक्षानं उभं राहून बोलायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, रात्री त्याला अटक झाली. पोरांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, आपला लाडका उत्सव स्वतः बंद केला आणि तेच काळे झगे सुतक म्हणून अंगावर घेतले. तो उत्सव पुन्हा सुरू झाला 1980 साली. आमच्या कॉलेजात उद्या कुणाला बोलू दिलं नाही म्हणून पोरं डीजेवर पाणी सोडतील का? सोडणार नाहीत, आणि दोष पोरांचा नाही. निवडून देणं म्हणजे काय हेच त्यांना कॉलेजात अनुभवायला मिळालेलं नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका संपवल्या, गुणपत्रिका बघून वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत लिहिल्या गेल्या. 2019 साली होणार, होणार म्हणत त्या पुढं ढकलल्या. निवडणुकीत मारामाऱ्या होतात, खून पडतात, हे कारण मला माहीत आहे. विधानसभेच्या निवडणुकीतही मारामाऱ्या होतात. ती कुणी बंद केलेली नाही.

आता आटपाडीकरांनी आपल्याच वेशीबाहेर बघावं. आटपाडी औंध संस्थानात असताना, 1939 च्या सुमारास, इथं स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरनं सुचवलं आणि राजानं ऐकलं. खुनाची शिक्षा झालेली माणसं, भिंत नाही, बेड्या नाहीत. त्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. त्याच सुमारास औंधच्या राजानं आपला अधिकार सोडून कारभार गावांच्या हाती दिला. 1957 साली आलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट या खुल्या वसाहतीच्या प्रयोगावरचा. त्याची कथा लिहिणारे गदिमा आपल्याच शेटफळ्याला जन्मलेले. ज्या मातीत खुन्यावर विश्वास टाकला गेला, त्या मातीतल्या वीस वर्षांच्या पोराच्या हातात खानावळीची वही द्यायला आमचे रेक्टर तयार नाहीत. तेल किती आलं, डाळ किती शिजली, हे पोरानं विचारलं की त्याला उर्मट ठरवतात आणि बापाला बोलावून घेतात.

म्हणून पोरं खानावळीवर नव्हे, आईवर अवलंबून राहतात. सकाळी आटपाडीच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली असते तेव्हा जाऊन बघा. कापडी पिशव्यांची रांग, पिशवीवर मार्करनं लिहिलेलं नाव आणि गावाचं नाव. आत स्टीलचा डबा, झाकण उघडू नये म्हणून चिंधीनं आवळलेलं. भाकरी, एखादी सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्या बाईनं पहाटे चूल पेटवलेली असते आणि डबा देऊन ती थेट डाळिंबाच्या बागेत रोजानं जाते. तिकडं पोरगं तास बुडवून स्टँडवर येतं, डबा उचलतं, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतं. गाडी रद्द झाली तर त्या दिवशी वडापाव. पिढ्यान् पिढ्या ही पद्धत टिकली ती वाहक, चालक आणि आया यांच्या जोरावर. विद्यापीठाचा तिच्यात एक पैशाचा वाटा नाही. यावर डोळे ओले करणारे लेख मला वाचवत नाहीत. वीस वर्षांच्या पोराच्या दुपारच्या जेवणासाठी त्याच्या आईला पहाटे उठावं लागतं आणि वसतिगृह त्याच गावात असूनही त्याला तिथं ताट मिळत नाही, याची चीड यायला पाहिजे.

मुलींचं तर याहून वाईट. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. कॉलेजात पाऊल टाकलं की तो संपला. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाल्याची जाहिरात होते, पण राहायचं कुठं याचं उत्तर नसल्यानं कितीतरी बाप गावातल्याच कॉलेजात नाव घालतात आणि लग्न ठरवतात.

सरकारनं काय करावं हे मी सांगत बसणार नाही, संस्थाचालकांना सांगतो. या जूनपासून वसतिगृहाची खानावळ विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्या, समिती मतदानानं निवडा, निम्म्या मुली घ्या. दर महिन्याचा हिशेब जेवणाच्या खोलीच्या दारावर लावा. कमवा-शिका योजनेतल्या पोरांना फायली उचलायला लावू नका, स्वयंपाकघर, भाजीचा मळा, वाचनालय त्यांच्या ताब्यात द्या आणि पैसे दर महिन्याला द्या. आणि गेल्या वर्षी फेटे, डीजे, फलक यांवर किती उडाले नि वसतिगृहाच्या ताटावर किती खर्च झाले, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा. 22 सप्टेंबरला कर्मवीर जयंती आहे. त्या दिवशी जो जो हार घेऊन येईल, त्याला भर सभेत हे दोन आकडे मी विचारणार आहे.