बिस्किटांची भाजणावळ कोण देणार?

आमच्या लहानपणी यवतमाळात ईद जवळ आली की मैदा, रवा, साखर आणि तूप घेऊन आम्ही बेकरीवर जात असू. बेकरीवाला नानखटाई भाजून देई आणि किलोमागे भाजणावळ घेई. माल आमचा, भट्टी आणि मेहनत त्याची. ते पैसे देताना कुणी कुरकुर केल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता ती भट्टी ओटीजीच्या रूपाने घरात आली आहे. आमच्या सूनबाई शेंगदाणा-चॉकलेटची बिस्किटे करतात. आपल्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनबरोबर उन्हाळी भुईमूगही होतो. दाणे भाजून, सोलून मिक्सरमध्ये फिरवत राहिले की लोण्यासारखे मऊ होतात. वरून तेल लागत नाही, कारण दाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. त्यात लोणी, साखर, अंडे, मैदा आणि चॉकलेटचे तुकडे मिसळून १८० अंशांवर सुमारे १२ मिनिटे भाजायचे. गार झाली की बिस्किटे खुसखुशीत होतात.

गेल्या ईदला दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही त्यांच्याकडून डबे घेतले, परंतु किंमत विचारली नाही. मागाहून हिशेब मांडला. किलोमागे माल २५० रुपयांचा, वीज आणि डबा २५ रुपये, मोहल्ल्यात विक्री ३०० रुपयांनी. दोन तासांच्या मेहनतीला उरले २५ रुपये. आमच्याकडून तर तेही नाहीत! शर्टपीस विकताना आम्ही शिलाई वेगळी सांगतो. शिंप्याला फुकट शिवून दे म्हणण्याची आमची छाती नाही. मग घरातील बाईच्या मेहनतीला शौक का म्हणावे?

काही व्यापारी बांधव म्हणतील, भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुकानातला पुडा घेईल. खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणूनच कारखान्याशी भावात स्पर्धा करू नये, मालात करावी. बुरशी लागलेला किंवा कडू दाणा निवडून फेकावा. त्यातले विष भाजल्याने जात नाही. कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचे कंपाऊंड वापरले असेल, तर त्याला अस्सल चॉकलेट म्हणू नये. शेंगदाणा काहींना बाधतो, तेव्हा डब्यावर तसे ठळक लिहावे. विक्री करायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करून घ्यावी.

एवढे केल्यावर भाजणावळ मागायला संकोच कसला? आमच्या वहीत आता सूनबाईंचे खाते उघडले आहे. त्यातली पहिली उधारी आमचीच निघाली, आणि ती आम्ही चुकती केली. वाचकांनीही आपापल्या घरची वही एकदा तपासून पाहावी.