भाषा बोलूनच येते

रायपूरच्या बुढापारा वस्तीत ‘डे भवन’ ही जुनी वास्तू आहे. स्वामी विवेकानंदांच्या किशोरवयातील रायपूरच्या वास्तव्याशी तिचे नाव जोडलेले आहे. याच डे कुटुंबातील हरिनाथ डे (१८७७–१९११) यांनी अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात सुमारे ३४ भाषा आत्मसात केल्या. हे ऐकून अनेक प्रौढ विद्यार्थी म्हणतात, “ती दैवी देणगी. आमच्या मेंदूला आता नवी भाषा झेपणार नाही.” हे मत मला मान्य नाही.

कानात शिरलेल्या ध्वनीचे विद्युत्-संदेश बनतात आणि मेंदूतील श्रवणक्षेत्राकडे जातात. १८६१ मध्ये फ्रेंच वैद्य ब्रोका यांनी एका रुग्णाची नोंद केली. त्याला बोललेले समजे, पण बोलता येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागाला इजा झालेली होती. पुढे १८७४ मध्ये वेर्निके यांनी याउलट स्थिती दाखवली: बोलणे अस्खलित, पण अर्थबोध हरवलेला. म्हणजे समजणे आणि बोलणे ही परस्परांशी जोडलेली, परंतु वेगळी कामे आहेत.

शिवाय बोलणे ही एक हालचालच आहे. ओठ, जीभ, घसा आणि श्वास यांचा मेळ मेंदू घालतो; त्यात सफाई येण्यास लहान मेंदूचे साहाय्य होते. सायकल चालवण्याचे पुस्तक वाचून सायकल येत नाही, तसेच हे आहे. सरावाने मज्जापेशींमधील जोडण्या बळकट होतात. बालपणी उच्चार अधिक सहज जमतात, हे खरे; परंतु शिकण्याची क्षमता प्रौढपणीही टिकून असते.

म्हणून “समजते, पण बोलता येत नाही” ही मंदबुद्धीची खूण नव्हे. सरावाची उणीव आहे. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मराठी घरांतील मुले मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. दोन भाषांचा भार नको, या समजुतीने पालकही गप्प बसतात. ज्यांच्या नावाची शाळा बुढापाऱ्यात आहे, त्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. तरीही ते हिंदीचे श्रेष्ठ लेखक झाले आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. एका भाषेने दुसरीची वाट अडवली नाही.

वाट अडवते ती चुकण्याची लाज. तेव्हा रोज एक उतारा मोठ्याने वाचा, घरी दोन वाक्ये बोला, चुका आणि पुन्हा बोला.