झडपेभोवतीची गळती

हृदयाची झडप बदलली की रोगी बरा झाला, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे आणि सरकारी कारभारही तीच धरून चालतो. किती शस्त्रक्रिया झाल्या हे विधानसभांतून सांगितले जाते, अहवालांत छापले जाते. ज्यांच्या छातीत ती झडप टिकटिकत असते त्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ही उपेक्षा किती महागात पडू शकते, हे झडपेभोवतीच्या गळतीवरून ध्यानात यावे.

कृत्रिम झडप हृदयातील कड्याला टाक्यांनी शिवलेली असते. ते कडे चुना साचून कडक झालेले असले, अथवा पुढे तेथे जंतूंनी ठाण मांडले, तर एखादा टाका सुटतो आणि झडपेच्या बाजूला फट पडते. बहुतेकांच्या बाबतीत ती क्षुल्लक असते. शंभरांतील एक ते पाच जणांना मात्र ती भोवते. प्रत्येक ठोक्यासरशी रक्त त्या फटीतून मागे उसळते. माणसाला धाप लागते, पाय सुजतात. दुसरी तऱ्हा अधिक फसवी. अरुंद फटीतून वेगाने जाताना रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते, चेहरा पांढराफटक पडतो. झडपेचा इतिहास कोणी विचारला नाही, तर असा रोगी रक्तक्षयाचा म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जावयाचा, आणि फट तशीच राहावयाची.

पूर्वी यावर छाती पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय भोवतालच्या भागांना चिकटलेले असते. म्हणून दुसरी खेप पहिलीपेक्षा अधिक धोक्याची. १९९२ साली बोस्टन येथील डॉक्टरांनी नळीवाटे छत्रीसारखे साधन पोचवून अशी गळती बुजविल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली. आता जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, वेळ पडल्यास दोन कप्प्यांमधील पडदा भेदून पलीकडे जातात, आणि निकेल व टायटॅनियमच्या तारांचे विणलेले बूच फटीत बसवितात. अन्ननलिकेत सोडलेल्या इको यंत्राच्या चित्रावर डोळा ठेवून हे सारे चालते. रोगी बहुधा थोड्या दिवसांत घरी परततो. हा रामबाण उपाय आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जंतुसंसर्ग चालू असेल किंवा झडपच डळमळत असेल तर शस्त्रक्रियेलाच शरण जावे लागते. आणि बारीकशी गळती मागे उरली, तर पेशी फुटण्याचे प्रमाण क्वचित वाढतेही.

पाश्चात्त्य देशांत झडपेचा रोगी बहुधा वृद्ध असतो. आपल्याकडे लहानपणी घसा धरतो, त्यातून सांधे धरणारा ज्वर येतो आणि झडपा निकामी होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या मेजावर विशी-तिशीतील माणसे येतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली स्वदेशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसविली गेली, ती अशाच रोग्यांना परवडावी म्हणून. विशीत बसविलेल्या झडपेने चाळीस वर्षे साथ द्यावी, ही अपेक्षा. इतक्या दीर्घ काळात गळती, गुठळी, संसर्ग यांतले काही ना काही उद्भवणारच.

आणि व्यवस्था किती काळाचा विचार करते? २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळतो, परंतु घरी परतल्यानंतरचा फक्त १५ दिवसांचा. धातूची झडप असलेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा ठरविण्यासाठी रक्ताची चाचणी वारंवार करावी लागते. श्रावणात ताटात तांबडी भाजी वाढली, तरी या गोळीचा हिशेब बदलतो! २०१७ साली केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा कंपन्यांनी कुरकुर केली, पण रोग्यांचे पैसे वाचले. नळीवाटे बसविण्याच्या बुचांकडे व झडपांकडे त्याच नजरेने पाहावे, अशी आमची मागणी आहे.

गोव्यापुरते बोलावयाचे तर बांबोळीच्या इस्पितळाकडे गोमंतकीयांइतक्याच आशेने सिंधुदुर्गातील रोगीही पाहतात. झडप बदललेल्या प्रत्येकाची नोंदवही तेथे असावी, वर्षातून एकदा इको तपासणीचे बोलावणे घरी जावे, आणि रक्ताच्या एका चाचणीसाठी काणकोण किंवा सत्तरीच्या माणसाला दिवसाची मजुरी बुडवून बांबोळी गाठावी लागू नये. झडप कोणत्या जातीची, केव्हा बसविली, गोळी कोणती, एवढे लिहिलेले मराठी-कोंकणी कार्ड रोग्याच्या खिशात असले, तर दात काढावयास बसविणारा डॉक्टर संसर्गाविरुद्धचे औषध आधी देईल, आणि पांढरा पडलेला चेहरा पाहून गावचा डॉक्टर लोहाच्या गोळीपूर्वी झडपेचा संशय घेईल. यासाठी नवे इस्पितळ बांधावे लागत नाही.