ऑटोफोकस गुल!
डीएसएलआर विकून निकॉनची मिररलेस झेड बॉडी घेतली आणि प्रश्न पडला, जुन्या लेन्सेसचं काय? दोस्तमंडळींचं एकच पालुपद, ‘विकून टाक यार!’ फ्रीलान्सरची पेमेंट्स कधी येतात, हे त्यांना कोण सांगणार?

मग एफटीझेड अडॅप्टर आणला. आत काचबिच काही नाही, नुसती पोकळ कडी. जुन्या एफ माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर, झेडमध्ये १६. मधलं अंतर ही कडी भरून काढते, फोटोची क्वालिटी जराही जात नाही. माझी एएफ-एस झूम मस्त चालली. पण काकाने दिलेली ५० एमएम डी? तिला स्वतःची मोटरच नाही, ती फिरायची जुन्या बॉडीतल्या मोटरवर. नव्या बॉडीत ती नाही, कडीतही नाही!

रविवारी आजीवर ट्राय केली, हाताने रिंग फिरवत. तीन फोटो गेले, चौथ्यात तिचे डोळे असले लख्ख आलेत... पण इव्हेंटमधला पाहुणा आजीसारखा थांबत नाही, आणि एक फोटो हुकला की पुढचं काम गेलंच.

झूम ठेवली. नवी झेड ५० ईएमआयवर घेतली. काकाच्या लेन्सचा भाव सेकंडहँडवाल्याने सांगितला, तेव्हा मी बॅगेची चेन लावली.